वजन, तारीख, सही

पहाटे ५:४५

महान रोडनं आम्ही सहाजणी चालायला निघतो. साडी, त्यावर स्वेटर, डोक्याला स्कार्फ आणि पायात लेकीचे जुने बूट, असा आमचा गणवेश. २०२५ ची दिवाळी होऊन पंधरवडा झालाय. शेतात कापूस फुटलाय आणि चालता चालता फराळाचा हिशेब निघतोय.

‘दोन किलो वाढलं वो माह्यं,’ एक म्हणते.

‘कायच्यावर मोजलं?’

‘मोजते कोन? ब्लाऊजच सांगते नं!’

सगळ्या खळखळून हसतात. मीही हसते, पण माझ्या धंद्यात ब्लाऊजचा पुरावा चालत नाही. अकरा वर्षं झाली, मी बार्शीटाकळीत आणि आसपासच्या खेड्यांत आरोग्यविमा विकते. कुणाची किडनी, कुणाचा मोतीबिंदू, कुणाचं बाळंतपण, सगळं माझ्या पिशवीत असतं. पूर्वी वजनाबद्दल कुणी विचारत नसे. अंगानं भरलेली बाई म्हणजे खात्यापित्या घरची, तिथं विम्याचं काय काम? आता महिन्यातून दोघंतिघं तरी हळूच विचारतात, ‘ताई, जाडीचं ऑपरेशन पॉलिसीत बसते काय?’

सकाळी ७:४५

डबा भरला, चहा झाला. स्कूटीच्या डिक्कीत प्रस्तावाचे फॉर्म, मोजपट्टी आणि एक वजनकाटा. काटा मी स्वतःच्या पैशानं घेतला. आधी फॉर्मवरच्या वजनाच्या रकान्यात लोक सांगतील तो आकडा मी लिहायची. एका क्लेमच्या वेळी दवाखान्यातला आकडा फॉर्मपेक्षा एकोणीस किलोंनी जास्त निघाला आणि उत्तरं देता देता माझा घाम निघाला. तेव्हापासून आधी काटा, मग पेन.

आज तीन कामं आहेत. गावातल्या एका वहिनींना कलम समजावून सांगायचं, अकोल्यात एका नाकारलेल्या क्लेमचे कागद पुरे करायचे आणि दवाखान्यातल्या एका पेशंटचा कॅशलेस बघायचा. संध्याकाळी जमलं तर एक नवी पॉलिसी.

सकाळी ९:००

वहिनी घरी शिवणकाम करतात. वय चव्वेचाळीस. मुलगा पुण्यात नोकरीला आहे, त्यानंच चार वर्षांपूर्वी आईबाबांची पॉलिसी काढली. अकोल्याच्या सर्जननं वहिनींना बॅरिॲट्रिक ऑपरेशन सुचवलंय. त्यांना सुचवलेल्या प्रकारात जठराचा मोठा भाग काढून उरलेल्याची अरुंद नळी करतात, म्हणजे थोडक्यात पोट भरतं आणि भूक लावणारं संप्रेरकही कमी होतं. खर्चाचा अंदाज आला साडेतीन लाख.

मी काटा फरशीवर ठेवते. ९२ किलो. दाराच्या चौकटीला पाठ लावून उंची घेते. १५५ सेंटिमीटर. पावतीच्या मागं हिशेब करते. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं की झाला बीएमआय. वहिनींचा ३८.३.

मग पॉलिसी उघडते. २०१९ मध्ये विमा नियामकानं, म्हणजे आयआरडीएआयनं, ‘काय मिळणार नाही’ याची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली आणि प्रत्येक अपवादाला क्रमांक दिला. सहावा क्रमांक लठ्ठपणाचा. यादी अपवादांची असली, तरी या कलमाला एक दार ठेवलंय. ऑपरेशन डॉक्टरांच्या सल्ल्यानं हवं, वैद्यकीय पद्धतीला धरून हवं, वय अठरा पूर्ण हवं आणि बीएमआय ४० किंवा जास्त हवा. ४० नसेल तर निदान ३५ हवा आणि सोबत चारपैकी एक गंभीर आजार हवा: लठ्ठपणामुळं हृदयाच्या स्नायूला झालेला विकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार किंवा आटोक्यात न येणारा टाइप टू मधुमेह. शिवाय वजन उतरवायचे साधे उपाय आधी करून फसलेले असायला हवेत.

वहिनी बोटं मोजतात. ‘चाळीसले किती वजन लागते?’

‘तुमच्या उंचीला शहाण्णव.’

‘म्हंजे आता चार किलो वाढवू काय वो ताई?’

वहिनींचे यजमान, म्हणजे आमचे भाऊ, बाजेवर बसून हसतात. वहिनींनी मात्र खरंच विचारलंय. असं विचारणाऱ्या त्या पहिल्या नाहीत. मी स्पष्ट सांगते, वजन वाढवायचं नाही आणि साखर बिघडावी म्हणून गोळ्याही सोडायच्या नाहीत. कलमासाठी जीव धोक्यात घालायचा नसतो.

गोम अशी की आपल्या डॉक्टरांची मापं वेगळी आहेत. भारतीय माणसाला कमी वजनातच मधुमेह आणि हृदयविकार गाठतो, म्हणून २००९ मध्ये आपल्याकडच्या तज्ज्ञांनी २५ च्या पुढं लठ्ठपणा धरायचं ठरवलं. ऑपरेशनचा विचार ३७.५ च्या पुढं आणि सोबत आजार असेल तर ३२.५ च्या पुढं. त्या मापानं वहिनी ऑपरेशनला पात्र आहेत. पॉलिसीच्या मापानं चार किलोंनी कमी पडतात. सर्जन आपल्या जागी बरोबर आणि विमा कंपनीही आपल्या जागी बरोबर. मधल्या चार किलोंत वहिनी अडकल्या.

आता दुसरी वाट. ‘साखर शेवटची कधी तपासली?’ चौदा महिन्यांपूर्वी. ‘घोरता काय?’ उत्तर भाऊच देतात, ‘मी वसरीत झोपतो, तरी आवाज येते.’ मी वहीत दोन ओळी लिहून देते: तीन महिन्यांची सरासरी साखर आणि झोपेची तपासणी, दोन्ही डॉक्टरांना विचारून. रात्रीत श्वास किती वेळा अडकतो ते यंत्र मोजतं. तासाला तीस किंवा जास्त वेळा अडकला तर तीव्र. एवढ्या घोरण्यामागं हे असेल तर ऑपरेशन होवो न होवो, त्यावर उपचार हवाच.

‘आणि आधी वजन उतरवायचा काय प्रयत्न केला?’

‘दीक्षित डाएट केलं नं सहा महिने. दोन टाइम जेवण, पंचावन मिनिटांत. सात किलो उतरलं होतं. भाचीच्या लग्नापासून पुन्हा चढलं.’

वऱ्हाडात हे उत्तर दर दुसऱ्या घरी मिळतं. आपल्या काटोलच्या डॉ. श्रीकांत जिचकारांनी व्याख्यानांतून सांगितलेली गोष्ट डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी गावोगाव नेली. वहिनींनी सहा महिने पाळलं हे खरंच आहे. पण सुरुवातीचं वजन कुठं लिहिलंय? सात किलो उतरले त्या दिवशी कोणत्या डॉक्टरनं कागदावर सही केली? कुठंच नाही आणि कुणीच नाही. म्हणजे विम्याच्या लेखी ते सहा महिने झालेच नाहीत.

सकाळी १०:४५

ग्रामीण रुग्णालयाच्या फाटकाशी आमची आशा कार्यकर्ती, आशाताई, भेटते. तिच्या पिशवीतही मोजपट्टी. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा फॉर्म तिला भरावा लागतो आणि त्यात कमरेचं माप असतं. बाईची कंबर ८० सेंटिमीटरपर्यंत असेल तर शून्य गुण, ९० पर्यंत एक, त्यापुढं दोन. पुरुषांना ९० आणि १०० च्या रेषा. तंबाखू, दारू, व्यायाम, आईवडलांचा मधुमेह असं सगळं मिळून चारच्या वर गुण गेले की तपासणीला आधी पाठवायचं.

‘बाया कंबर मोजू देतात काय गं?’

‘सासू समोर असली का नाई देत. मग मी सासूचीच आधी मोजतो.’

मला तिच्या फॉर्मचं कौतुक वाटतं. वजनाचा धोका तारखेसह गावातच लिहून ठेवणारा हा कागद आहे. माझ्या प्रस्तावाच्या फॉर्मवर कमरेचा रकानाच नाही. मी वहिनींचा पत्ता तिला देते आणि तपासणीच्या दिवशी वजन केसपेपरवर लिहून घ्यायला सांगते.

दुपारी १२:००

लालपरीत अर्ध्या तिकिटात अकोला. वीसेक किलोमीटर.

विमा कंपनीच्या कचेरीतलं काम गेल्या वर्षीच्या क्लेमचं आहे. एका किराणा दुकानदारानं ऑपरेशन करून घेतलं. बीएमआय ३६, मधुमेह, दोन प्रकारच्या गोळ्या आणि इन्सुलिन. क्लेम नाकारला गेला. कारण लिहिलं होतं: साधे उपाय करून ते अयशस्वी झाल्याचा पुरावा नाही.

पुरावा होता की! आहारतज्ज्ञाच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठाच होता, अकरा चिठ्ठ्या. ‘भात कमी, साखर बंद, रोज चार किलोमीटर’ असं सगळं त्यांवर होतं. फक्त सात चिठ्ठ्यांवर तारीख नव्हती आणि वजन तर एकीवरही नव्हतं. देणाऱ्यानं लिहिलं नाही, घेणाऱ्यानं मागितलं नाही आणि मीही तेव्हा बघितलं नाही. त्यातला माझा वाटा मी कबूल करते.

कंपनीच्या तक्रार कक्षानं नकार कायम ठेवला. आता विमा लोकपालाकडं जायचं. आपल्याला पुण्याचं कार्यालय लागतं. वकील लागत नाही, फी नाही, पण कंपनीच्या अंतिम नकारापासून वर्षाच्या आत अर्ज पोचायला हवा. आज दुकानदाराच्या औषधाच्या बिलांच्या नकला लावल्या. मेडिकलवाल्यानं प्रत्येक बिलावर तारीख छापलेली आहे, नशीब! डॉक्टरांच्या चिठ्ठीनं जे सांगितलं नाही ते बिलं सांगतील, अशी आशा आहे.

दुपारी १:३०

सर्वोपचार रुग्णालयाच्या भिंतीच्या सावलीत डबा. ज्वारीची भाकर, मेथी, ठेचा.

दुपारी २:१५

खासगी दवाखान्यात माझे जुने ग्राहक काका. छातीत कळ आली, अँजिओप्लास्टी झाली, आज सुट्टी. नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानं कॅशलेसच्या परवानगीचा निर्णय एका तासात आणि सुट्टीच्या वेळची मंजुरी तीन तासांत द्यायचं बंधन कंपन्यांवर आलंय. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत काउंटरशी उभी राहते. तीन तास पुरे व्हायच्या आतच मंजुरी येते. दोन लाखांवरचं बिल, एकही प्रश्न नाही.

काकांचं वजन १०४ आहे. पॉलिसी काढली तेव्हाही शंभराच्या आसपास होतं आणि तेव्हापासून रक्तदाब, मग साखर, मग ही कळ. या सगळ्या वर्षांत वजन उतरवण्यासाठी त्यांनी कुणाला काही पैसे दिले असते, तर विम्यातून एक रुपया परत आला नसता. आहारतज्ज्ञाची फी, गोळ्या, तपासण्या हे सगळं बाह्यरुग्ण विभागातलं आणि नेहमीची पॉलिसी उघडते ती दवाखान्यात भरती झाल्यावर. सरकारी योजनेचा कलही हाच. महात्मा फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं दीड लाखावरून पाच लाखांवर गेली. हजारो कुटुंबांना तिचा आधार आहे. अँजिओप्लास्टी त्यात होते, डायलिसिस त्यात होतं. त्याआधीची वीस वर्षं ज्याची त्यानं भरायची.

‘ताई, तुमच्यानं वाचलो,’ काका म्हणतात. मी कसली वाचवते! मी फक्त शेवटच्या बिलाला हजर असते.

दुपारी ४:००

परतीच्या गाडीला वेळ आहे म्हणून ओळखीच्या मेडिकलवर थांबते. तो म्हणतो, आता लोक नाव घेऊनच इंजेक्शन विचारतात. मार्च २०२५ मध्ये मौंजारो आलं, जूनमध्ये वेगोवी. आठवड्याला एक टोचायचं. भूक मंदावते, वजन उतरतं, साखरही उतरते. मौंजारो आलं तेव्हा सगळ्यात लहान मात्रेची कुपी ३,५०० रुपयांना होती, त्यापुढची ४,३७५ ला. महिन्याच्या चार धरा.

‘इन्शुरन्समध्ये बसते का, हे सगळे विचारतात. काय सांगू?’

सांग की बसत नाही. सहावं कलम फक्त शस्त्रक्रियेपुरतं दार उघडतं. घरी टोचायच्या इंजेक्शनसाठी कुणी भरती होत नाही. बाह्यरुग्ण खर्चाची जोड असलेल्या पॉलिसी मिळतात, पण त्यांच्या वर्षाच्या मर्यादेत असं इंजेक्शन फार दिवस पुरत नाही आणि वजनाचे उपचार त्यांतूनही वगळलेले असू शकतात, तेव्हा आधी वाचून घ्यावं. आणि चिठ्ठीशिवाय हे कुणाला देऊ नको, हेही मी त्याला पुन्हा एकदा बजावते.

संध्याकाळी ५:४५

बार्शीटाकळी. धर्मकाट्यावर कापसाच्या गाड्यांची रांग. इथं काटा मारला जाईल म्हणून शेतकरी डोळ्यांत तेल घालून उभा असतो. भरली गाडी मोजायची, रिकामी मोजायची, पावतीवर तारीख, वेळ, सही. वीस किलो इकडंतिकडं झाले तर भांडण. हाच माणूस माझ्या काट्यावर चढायला लाजतो.

अडतीचं काम बघणारा एक तरुण इथंच भेटायला बोलावतो. २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा अठरा टक्के जीएसटी शून्य झाला, म्हणून आता पॉलिसी घ्यायची म्हणतो. काटा काढते. ९८.

‘ताई, पंच्याऐंशी लिवा नं. हप्ता वाढीन उगाच.’

वाढेल. जादा वजनाला कंपनी जादा हप्ता लावू शकते, कधी प्रस्ताव परतही करते. पण खोटं लिहिलं तर हप्ता वाचतो आणि क्लेम जातो. मी त्याला नियम सांगते. आधीपासूनच्या आजारासाठी थांबायचा काळ आता जास्तीत जास्त तीन वर्षं. सलग पाच वर्षं पॉलिसी चालली की जुनी माहिती लपवली म्हणून कंपनी क्लेम नाकारू शकत नाही, पण फसवणूक सिद्ध झाली तर ही सवलतही नाही. वजनाच्या ऑपरेशनला बऱ्याच पॉलिसींत दोनतीन वर्षं वेगळं थांबावं लागतं. म्हणून आजच खरं लिहायचं आणि घड्याळ सुरू करायचं. पॉलिसी आल्यावर तीस दिवस वाचायला मिळतात, पटली नाही तर परत करता येते. सोबतचं माहितीपत्रक मराठीत मागायचा हक्क आहे, तो वापरायचा.

तो खांदे उडवतो. ‘लिवा मग अठ्ठ्याण्णव.’

बाजूला उभा असलेला गाडीचालक हसतो. सडपातळ, पंचविशीचा. ‘आपल्याले काय काळजी नाई ताई, आपला काटा साठच्या वर जातच नाई.’ पण त्याचं पोट शर्टाच्या बटणांतून पुढं आलंय. मी मोजपट्टी काढते. कंबर ९४.

त्याला पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांची गोष्ट सांगते. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिनची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. हाडकुळा दिसणारा भारतीय माणूस आतून चरबी बाळगून असतो, हे डॉक्टरांनी स्वतःच्याच अंगावर दाखवलं. काटा सारखा, आतलं माप दुपटीहून जास्त.

‘मंग मी काय करू?’

‘उद्या रुग्णालयात जाऊन साखर तपास. तिथं पैसे लागत नाहीत.’

रात्री ८:३०

स्वयंपाक चालू असताना पुण्याहून वहिनींच्या मुलाचा फोन. आईनं त्याला ‘चार किलो कमी पडले’ असं सांगितलंय, त्याला वाटलं काहीतरी परीक्षा आहे. तो विचारतो, दुसरी कंपनी ३७.५ वर देईल काय? मी म्हणते, देऊ शकते. हे कलम म्हणजे कंपन्यांसाठी किमान चौकट आहे, याहून उदार व्हायला त्यांना कुणी अडवलेलं नाही. तशी पॉलिसी मिळाली तर मुदत संपायच्या आधी पोर्ट करता येईल, जुनी वर्षं मोजली जातील. पण आधी साखर आणि झोप तपासून घे. तुझ्या आईच्या घोरण्याचं उत्तर पॉलिसीपेक्षा निकडीचं आहे.

रात्री १०:००

वहीत आजच्या नोंदी. वहिनी: ९२, बीएमआय ३८.३, आशाताईकडं नाव दिलं. दुकानदार: लोकपालाचा अर्ज पूर्ण, उद्या स्पीड पोस्ट. काका: सुट्टी झाली. नवा प्रस्ताव: ९८, खरं. चालक: कंबर ९४, साखर तपासायची.

अकरा वर्षांच्या या धंद्यानंतर माझं मत सांगते. लठ्ठपणाच्या उपचाराला विमा मिळतो, पण फार उशिरा, आजारानं घर केल्यावर. ४० आणि ३५ या रेषा आपल्या अंगाला लागू पडत नाहीत हे आपल्याच डॉक्टरांनी कधीचं सांगितलंय. नियामकानं त्या भारतीय मापावर आणाव्यात आणि ऑपरेशनच्या आधीच्या उपचारांना पॉलिसीत थोडी तरी जागा द्यावी. दोन लाखांचं बिल बिनबोभाट भरणाऱ्याला आहारतज्ज्ञाची फी जड जाऊ नये.

ते होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हातात एवढंच आहे: पॉलिसी काढून सहावं कलम वाचा. दर तीन महिन्यांनी दवाखान्यात वजन करा आणि केसपेपरवर लिहून घ्या. जो कुणी डाएटची किंवा गोळ्यांची चिठ्ठी देईल, त्याच्याकडून वजन आणि सही मागा. आणि उठण्याआधी बघा, वर कोपऱ्यात तारीख टाकलीय ना.